वळवाच्या पावसातून किरणोत्सार मोजायचा कसा: बेळगाव-खानापूरच्या नवशिक्यांसाठी

एप्रिल-मेच्या दुपारी सांबऱ्याच्या बाजूने ढग चढायला लागले की बेळगावात जो तो गच्चीवरचे सांडगे-पापड गोळा करायला धावतो. तेवढ्यात आणखी एक काम उरकून घ्या: गाडीचे बॉनेट स्वच्छ पुसा आणि गाडी उघड्यावर लावा. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर युरेनियमची पतवंडे-खापरपतवंडे तिच्यावर येऊन बसणार आहेत. काही हजार रुपयांचा गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र), आलेखाचा कागद आणि दोन-अडीच तास हाताशी असले तर जड अणूंचा क्षय घरच्या ओसरीत मोजता येतो.

हे लिहितोय ते पीयूसीला सायन्स घेतलेल्या पोरांसाठी, आणि शाळा सुटून वीस वर्षे झाली तरी कुतूहल सुटलेले नाही अशांसाठीही. पाऊस यायच्या आधी थोडा गृहपाठ मात्र करावा लागेल. नाहीतर यंत्र टकटक करत राहील आणि आपण नुसते बघत बसू.

आधी चिंचोके

भाजून फोडलेल्या चिंचोक्यांच्या शंभर डाळिंब्या घ्या, सोंगट्या खेळताना घेतो तशा: एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सगळ्या एकदम फेका. पांढऱ्या पडतील त्या ‘फुटल्या’ असे धरून बाजूला काढा, उरलेल्या मोजून लिहा, पुन्हा फेका. साधारण सात-आठ फेकीत खेळ आटोपतो.

दर फेकीला नेमक्या निम्म्या गळणार नाहीत, कारण डाळिंबीची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते. त्याने काही बिघडत नाही. उरलेल्यांतला साधारण तेवढाच वाटा दर वेळी गळतो, हे दिसले की काम झाले. चार फेकी वाचलेली डाळिंबी पाचव्या फेकीला थकलेली नसते, तिची शक्यता पहिल्या फेकीइतकीच असते. अणुकेंद्रकाचेही तसेच आहे. त्याला वय नसते. कुठले केंद्रक आज फुटणार हे कोणी सांगू शकत नाही, पण ढीगभर केंद्रकांपैकी निम्मी किती काळात फुटणार हे चोख सांगता येते. तो काळ म्हणजे अर्धायुष्य. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे आहे आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वी जमली तेव्हाचे जवळपास निम्मे युरेनियम अजून शिल्लक आहे. आपल्या पायाखाली आहे ते तेच.

मग साखळी कागदावर उतरवा

नियम दोनच. केंद्रकातून अल्फा कण, म्हणजे हेलियम-४ चे केंद्रक, गेला की वस्तुमानांक (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या) ४ ने आणि प्रोटॉन २ ने कमी होतात. बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, गेला की वस्तुमानांक तसाच राहतो, प्रोटॉन मात्र १ ने वाढतो, कारण आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालेला असतो. वहीचे पान आडवे धरा, डाव्या कोपऱ्यात युरेनियम-२३८, प्रोटॉन ९२ असे लिहा आणि उतरायला लागा.

अल्फा: थोरियम-२३४. बीटा: प्रोटॅक्टिनियम-२३४. बीटा: युरेनियम-२३४. इथून सलग पाच अल्फा: थोरियम-२३०, रेडियम-२२६, रेडॉन-२२२, पोलोनियम-२१८, शिसे-२१४. मग दोन बीटा: बिस्मथ-२१४, पोलोनियम-२१४. अल्फा: शिसे-२१०. दोन बीटा: बिस्मथ-२१०, पोलोनियम-२१०. शेवटचा अल्फा: शिसे-२०६, आणि साखळी थांबली.

ताळा करून बघा. आठ अल्फांनी ३२ वस्तुमानांक गेले, २३८ चे २०६ झाले. प्रोटॉन १६ गेले, सहा बीटांनी ६ परत आले, ९२ चे ८२ झाले. ताळा जमला नाही तर कुठेतरी बीटा राहिला आहे. बहुतेकांचा प्रोटॅक्टिनियमपाशीच राहतो.

आता प्रत्येकापुढे अर्धायुष्य लिहा. निदान एवढी हवीतच: रेडियम-२२६ चे १६०० वर्षे, रेडॉन-२२२ चे ३.८ दिवस, पोलोनियम-२१८ चे ३.१ मिनिटे, शिसे-२१४ चे २७ मिनिटे, बिस्मथ-२१४ चे २० मिनिटे, पोलोनियम-२१४ चे १६४ मायक्रोसेकंद, शिसे-२१० चे २२ वर्षे, पोलोनियम-२१० चे १३८ दिवस. रेडॉनभोवती लाल पेनने गोल करा. या अख्ख्या माळेत वायू तेवढा तोच. बाकीचे सगळे खडकात जखडलेले. रेडॉन मात्र मातीच्या फटीतून वर येतो, हवेत मिसळतो आणि तिथे फुटतो. त्याची पोरे धातूंची, ती हवेतल्या धुळीला चिकटतात आणि पाऊस आला की धुऊन खाली येतात. आपला सगळा प्रयोग या एका गोष्टीवर उभा आहे.

जड केंद्रक मुळात फुटते कशाला?

इथे जरा थांबू या, कारण पाठ्यपुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

केंद्रकात दोन बळांची ओढाताण असते. प्रोटॉन-प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, आणि प्रत्येक प्रोटॉन केंद्रकातल्या बाकी सगळ्या प्रोटॉनांना ढकलतो, जवळचा असो की पार पलीकडच्या टोकाचा. प्रोटॉन-न्यूट्रॉनना बांधून ठेवणारे केंद्रकीय बळ त्याहून कितीतरी जोरकस आहे, पण त्याचा पल्ला दोन-तीन फेम्टोमीटरचा (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). आपल्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत हात धरता येतो तो शेजारच्याचाच, डॉल्बीचा दणका मात्र सगळ्या गल्लीला बसतो, तसे ते आहे. केंद्रक लहान असते तोवर सगळेच एकमेकांचे शेजारी असतात आणि बांधणीची सरशी होते. युरेनियमचे केंद्रक साधारण १५ फेम्टोमीटर रुंद असते. तिथे कडेच्या प्रोटॉनला धरून ठेवणारे मोजकेच, ढकलणारे ९१.

ढकलणाऱ्या जोड्या मोजा: प्रोटॉनांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन. हेलियमात १, शिशात ३३२१, युरेनियमात ४१८६. ८२ वरून ९२ ला जाताना प्रोटॉन दहाच वाढले, जोड्या मात्र ८६५ ने वाढल्या. न्यूट्रॉन बांधतात पण ढकलत नाहीत, म्हणून जड केंद्रके ते जास्त बाळगतात. कॅल्शियम-४० मध्ये २० ला २०, पण युरेनियम-२३८ मध्ये ९२ प्रोटॉनना १४६ न्यूट्रॉन. वाटेल तितके भरता येतात असेही नाही, फार झाले की त्यांचेच बीटा-क्षयाने प्रोटॉन व्हायला लागतात. साखळीत अल्फांच्या मध्ये बीटा येतात ते यामुळे. दर अल्फाबरोबर दोन प्रोटॉन आणि दोनच न्यूट्रॉन जातात, मागे न्यूट्रॉनांचे प्रमाण चढते, ते बीटाने सावरले जाते.

याखेरीज काही आकडे केंद्रकाला विशेष मानवतात: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्रक घट्ट बसते. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये याचे कारण मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही आकडे यादीतले. थोरियम-२३२ पासून निघणारी वेगळी माळ सहा अल्फा आणि चार बीटांनी नेमकी तिथे येऊन थांबते. शिशाच्या पुढच्या बिस्मथला बरीच वर्षे स्थिर मानत होते. २००३ मध्ये फ्रान्समध्ये त्याचाही अल्फा-क्षय पकडला गेला, अर्धायुष्य निघाले सुमारे २ वर १९ शून्ये एवढी वर्षे. औषधाच्या दुकानातले बिस्मथ घ्यायला घाबरू नका, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

वजनाचा हिशेब, हाताने

कॅल्क्युलेटर काढा. युरेनियम-२३८ चे वस्तुमान २३८.०५०७८८ अणुवस्तुमान एकक. फुटल्यावर होणारे थोरियम-२३४ आहे २३४.०४३६०१ आणि हेलियम-४ आहे ४.००२६०३. दोघांची बेरीज २३८.०४६२०४. आई लेकरांपेक्षा ०.००४५८४ ने जड भरली. याला ९३१.५ ने गुणले की ऊर्जा मिळते दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे एमईव्हीमध्ये: ४.२७. ही ऊर्जा धन आली म्हणून क्षय शक्य आहे.

शक्य असूनही ४४७ कोटी वर्षे का लागतात? कारण अल्फा कणाला बाहेर पडताना २५ ते ३० एमईव्ही उंचीचा विद्युत-बंधारा आडवा येतो आणि त्याच्या खिशात चारच. जुन्या भौतिकीच्या हिशेबाने तो कधीच बाहेर पडू नये. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी दाखवले की क्वांटम नियमांप्रमाणे बंधाऱ्यातून आरपार जाण्याची अगदी बारीकशी शक्यता असते. अल्फा आत सेकंदाला अब्जावधी-अब्जावधी वेळा धडका देतो, त्यातली एखादी लागू पडते.

ऊर्जा थोडी वाढली की ही शक्यता कशी उसळते ते थोरियमच्या माळेतच बघा. थोरियम-२३२ ची क्षय-ऊर्जा ४.०८ एमईव्ही, अर्धायुष्य १४०५ कोटी वर्षे. त्याच माळेच्या तळाच्या पोलोनियम-२१२ ची ८.९५ एमईव्ही, अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीहून जराशी जास्त, वेळेतला फरक १ वर २४ शून्यांच्या घरातला. पोलोनियम-२१२ हे शिसे-२०८ च्या दारात उभे आहे, एक अल्फा टाकला की घर गाठले, म्हणून त्याची एवढी घाई. ऊर्जा आणि अर्धायुष्य यांचे हे नाते गायगर आणि नटॉल यांना १९११ मध्येच मोजमापांतून दिसले होते. कारण कळायला १७ वर्षे गेली.

जाता जाता: प्रोटॉन ११८ पर्यंतची मूलद्रव्ये प्रयोगशाळेत बनवली गेली आहेत. त्यातले शेवटचे, ओगानेसॉन, मिलिसेकंदभरही टिकत नाही. ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनच्या आसपास टिकाऊपणाचे एक बेट असावे असा सिद्धांताचा अंदाज आहे, पण तेवढे न्यूट्रॉन भरून त्या बेटावर अजून कोणी उतरलेले नाही.

यंत्र आणि घरची पातळी

गायगर नळीचे तयार यंत्र किंवा जोडायचा संच ऑनलाइन मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा: ठोके मोजून एकूण संख्या दाखवतो का, आणि बीटा कण पकडतो का. नुसता डोसचा आकडा दाखवणारा आपल्या कामाचा नाही. नळीवर सुमारे ४०० व्होल्ट असतात, उघडा संच चालू असताना बोट घालू नका. नळी काचेची असेल तर उन्हात मोजू नका. साध्या नळ्यांना अल्फा दिसत नाही, तो काचेत किंवा पत्र्यातच अडतो. आपण मोजणार आहोत ते शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचे बीटा कण आणि गॅमा किरण.

पहिल्या दिवशी काहीच जवळ न ठेवता मोजा, दहा-दहा मिनिटांचे पाच-सहा गट. घरगुती नळीला मिनिटाला साधारण १५ ते २५ ठोके येतात. प्रत्येक गट वेगळा येईल, त्यात यंत्राचा दोष नाही. एकूण ठोक्यांचे वर्गमूळ काढा, तेवढा चढउतार धरूनच चालायचे: २०० ठोके आले तर अधिक-उणे १४. म्हणून मिनिटभर मोजून ‘आज रेडिएशन वाढलंय’ असे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. कैगाचे नाव तर अजिबात घेऊ नका. शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या त्या अणुऊर्जा केंद्राचा या ठोक्यांशी संबंध नाही. हे ठोके जमिनीतून, भिंतीतून आणि आकाशातून येतात.

यंत्र नीट चालते का हे बघायला सोसायटीतून आणलेले पोटॅश खत घ्या, उसासाठी घरात असतेच. पोटॅशियमचा ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० असतो, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. हे काही जड केंद्रक नव्हे, पण चाचणीला स्वस्त आणि बिनधोक. किलोभर खत पातळ पिशवीत भरून नळीखाली ठेवा, ठोके ठळक वाढले पाहिजेत. मग यंत्र घेऊन घरभर फिरा. शहाबादी फरशीवर आणि इलकलकडच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या ओट्यावर अर्धा-अर्धा तास मोजून फरक दिसतो का बघा. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम तिन्ही जास्त असतात, काळ्या बसाल्टमध्ये कमी. आपला जिल्हा या बाबतीत मजेशीर आहे. निपाणी-चिकोडीकडे दख्खनचा काळा पाषाण, गोकाकला धबधब्याखाली कलादगीचे वालुकाश्म. देशनूर भागात तर त्या कलादगी खडकांत युरेनियमची खनिजे आढळली आहेत. ते दगड शोधायला मात्र जाऊ नका.

वळीव आला

विजा कडाडत असताना अंगणात जायचे नाही, हे पहिले. म्हणून गाडी ओसरीच्या अगदी कडेला लावा, बॉनेट तेवढे पावसात राहू दे. गाडी नसेल तर पालथी घातलेली स्टीलची परात चालेल.

सर ओसरली, गडगडाट दूर गेला की घड्याळ बघून वेळ लिहा. टिश्यू पेपरने बॉनेट पुसा, जितके जास्त क्षेत्र तितके चांगले. कागदाची घट्ट घडी करा, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा म्हणजे यंत्र भिजणार नाही, आणि नळीला टेकवून ठेवा. हे सगळे दहा मिनिटांत व्हायला हवे. इथे रेंगाळलात तर ऐवज हातातून जातो. पाच-पाच मिनिटांचे गट लागोपाठ मोजत जा, दोन-अडीच तास. यंत्र आणि कागद जागचे हलवू नका.

समजा घरची पातळी मिनिटाला २० आहे आणि पहिल्या पाच मिनिटांत ४०० ठोके आले. म्हणजे मिनिटाला ८०, त्यातून २० वजा, पावसाचे उरले ६०, चूक अधिक-उणे ४. असे प्रत्येक गटाचे करा आणि लॉग आलेखाच्या कागदावर टिंबे द्या. लॉग कागद नसेल तर आकड्याचा लॉग काढून साध्या कागदावर मांडा.

टिंबे उताराला लागतील, पण सुरुवातीला रेघ अगदी सरळ येणार नाही. कागदावर शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ दोघेही आहेत, आणि एक फुटते आहे तेच दुसऱ्याची भर घालते आहे. त्यामुळे आधी निम्मे व्हायला ३० ते ४० मिनिटे लागतात, पुढे रेघ सरळ होत २७ मिनिटांच्या जवळ येते, कारण शेवटी चाल ठरवते ती माळेतली संथ कडी. हा बाक स्वतःच्या आलेखात दिसला की साखळी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बाक दिसलाच नाही तर बहुधा कागद उशिरा ठेवला गेला, किंवा ठोकेच कमी पडले.

हाच प्रयोग आषाढात कणकुंबी-जांबोटीच्या झडीत केला तर पाऊस दहापट असून कागद फिका पडण्याची शक्यता जास्त. तेव्हाचा वारा अरबी समुद्रावरून आलेला असतो आणि समुद्रातून रेडॉन फारसा निघत नाही. वळवाची हवा तापलेल्या जमिनीवर रेंगाळलेली. दोन्ही करून आलेख शेजारी ठेवा, ही तुलना मला मूळ प्रयोगाहून जास्त आवडते.

पाऊस चुकला तर फुगा आहे. रबरी फुगा फुगवून लोकरीवर घासा, तळमजल्यावरच्या बंद खोलीत पाऊण तास टांगा, मग हवा सोडून नळीपाशी ठेवा. हवेतली रेडॉनची पोरे त्याच्या विद्युतभाराला चिकटलेली असतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे छान जमते, पावसाळ्यात भार टिकत नाही.

हौस वाढली म्हणून आणखी तेज स्रोत मिळवायच्या नादी लागू नका. उद्यमबागेत किंवा कुठल्याही भंगारात तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह असलेली जड पेटी दिसली तर हात लावायचा नाही, दूर व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पावसाचा कागद पुन्हा मोजलात तर आकडा घरच्या पातळीवर आलेला असेल. कागदावर आता शिसे-२१० उरले आहे, पण २२ वर्षांच्या अर्धायुष्यामुळे त्याचा ठोका इतका विरळ की या नळीला ते कळणार नाही. निपाणीच्या शिवारात तंबाखूच्या चिकट, केसाळ पानांवर हेच शिसे आणि त्याचे पोलोनियम-२१० साचत असते. विडी-सिगारेटच्या धुरात पोलोनियम सापडते, हे १९६४ पासून माहीत आहे. आपला कागद नेहमीच्या कचऱ्यात टाकला तरी चालतो. आलेखावर तारीख आणि पाऊस कोणत्या बाजूने आला तेवढे लिहून ठेवा, पुढच्या सरीला लागेल.